पल्याडची भांडी

भाद्रपदाची पौर्णिमा उलटून पितृपक्ष लागला की माझ्या पोटात ढवळायला लागतं. मी पित्त म्हणतो. माझी बायको रेखा म्हणते, "पित्त कसलं आलंय! पितरांच्या नावावर चार घरचे वडे हाणता, मग दुसरं काय होणार?" वडे मी हाणतो हे नाकबूल करण्यात अर्थ नाही, पोट पुरावा म्हणून माझ्या पुढेच चालत असतं. पण यंदा वडा तोंडात जायच्या आधीच ढवळलं. गोदामाचं शटर अर्धं वर केलं, आत कोंडलेली हवा तोंडावर आली, आणि मी बाहेर येऊन बांधावर बसलो. हे पित्ताच्या गोळीने जायचं नाही, हे तीन वर्षांत मला पुरतं कळलंय.

आमचा धंदा मंडपाचा. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलात की सरळगावच्या अलीकडे, भातशेतांकडे पाठ करून उभं असलेलं एक लांबुळकं पत्र्याचं गोदाम दिसतं, ते आमचं. लग्न, हळद, बारसं, दहावं, सत्यनारायण, सभा. चार माणसं जमून जेवणार असतील तिथे आमचे बांबू, आमच्या कनाती, आमच्या खुर्च्या आणि आमची भांडी. वडिलांनी आणि काकांनी मिळून उभा केलेला धंदा. वडील गेले. काका अजून रोज गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि मी बावन्न वर्षांचा झालो तरी त्यांचा 'छोट्या'च आहे. पितृपक्षात कोणी मंगलकार्य काढत नाही, म्हणून तो पंधरवडा आमचा मोजणीचा. बाहेर हळवं भात पिवळं पडायला लागलेलं असतं, बांधावर तेरडा फुललेला असतो, डोंगर नुकते न्हाऊन आल्यासारखे दिसत असतात. आणि आम्ही त्या सगळ्याकडे पाठ करून उंदराच्या लेंड्या झाडत असतो.

चार महिने बंद राहिलेल्या मंडपाच्या गोदामाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. ओली कनात न वाळवता घडी करून ठेवली की तिला आधी कुबट वास येतो, मग आंबूस, मग आत काहीतरी जिवंत असल्यासारखा. कढयांच्या काठाखाली खवट तेलाची पिवळी साय. टोपाच्या बुडाला कुठल्यातरी लग्नातली डाळ दगड होऊन बसलेली. एके वर्षी एक लोड हाताला गरम का लागतोय म्हणून उसवला, तर आत उंदरीण व्यालेली. लाल, बिनकेसांची सात-आठ पिल्लं कापसात वळवळत होती. ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर त्याच लोडाला टेकून एक नवरदेव फोटो काढत बसला होता.

पण ही घाण निघते. सोडा, राख, काथ्या आणि कडकडीत पाणी, एवढं असलं की निघते.

तीन वर्षांपूर्वी मला सिस्टिमचं वेड लागलं, त्याला कारण एक पडदा. वैशाखरे गावात एका घरी हळद होती. आम्ही सामान पाठवलं. वधूचा मामा स्टेजच्या मागचा पडदा उलगडायला गेला, तर त्यावर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दहाव्याचा पडदा हळदीला गेला होता. मामाचा फोन आला, "शेठ, पोरगी सासरी चाललीय, वर नाय!" मी माफी मागितली. रात्रभर मला तो पडदा दिसत राहिला. सकाळी उठून मी घरात जाहीर केलं की आता गोदामाला सिस्टिम बसवायची. त्यानंतर महिनाभर मी 'सिस्टिम' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की रेखाने शेवटी सांगितलं, "आधी तुमचा चष्मा कुठे ठेवलाय तो सिस्टिमला विचारा."

शहापूरला हायवेलगत मोठाली गोदामं झालीत, त्यांतल्या एका ठिकाणी आम्ही कसल्याशा कार्यक्रमाचा मंडप घातला होता. तिथे मी सुजाताला पहिल्यांदा पाहिलं. पस्तिशीची बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात स्कॅनर. कोणीतरी तिला एक नंबर सांगितला. तिने स्क्रीनकडे बघितलं, चार ओळी सोडून पाचव्या ओळीत शिरली, आणि हजारो खोक्यांतून नेमकं एक खोकं काढून दोन मिनिटांत परत आली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मला आमच्या गोदामात झारा शोधायला अर्धा दिवस लागतो.

ती शहापूरला दिलेली, माहेर किन्हवलीच्या बाजूचं. मी विचारलं, आमच्याकडे असं काही करून द्याल का? ती हसली. म्हणाली, "दादा, तुम्हीच ना ते मुरबाडचे मंडपवाले? माझ्या लग्नाला तुमचाच मंडप होता." मग सौदा तिथल्या तिथे ठरला. मार्गशीर्षात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. सिस्टिम तिची, मंडप, खुर्च्या आणि भांडी आमची. दोघांनाही आपलं काम स्वस्तात झाल्यासारखं वाटलं, म्हणजे सौदा चांगला होता.

पितृपक्षात चार दिवसांची रजा टाकून ती स्कूटीवरून यायला लागली. पहिल्या दिवशी तिने एका उलट्या घातलेल्या पिंपावर लॅपटॉप मांडला आणि मला समजावलं. मी वही-पेन घेऊन विद्यार्थ्यासारखा बसलो होतो.

"दादा, सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर नाही. वस्तू कुठली, ती ठेवायची कुठे आणि बाहेर काढायची कुठल्या नियमाने, एवढंच. नियम तुमच्या डोक्यात आहेतच. मी फक्त ते बाहेर काढते."

मला हे फार आवडलं. आपल्या डोक्यात नियम आहेत हे इतक्या आदराने मला घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग तीन दिवस नावांचा गोंधळ चालला. आमचा कोंडू माझ्याच वयाचा, तीस वर्षं गाडीवर माल चढवणारा. त्याने प्रत्येक मोठ्या भांड्याला नाव ठेवलेलं. साठ लिटरच्या एका टोपाचं नाव 'हत्ती', एका वाकड्या कढईचं 'सासू'. सुजाता म्हणाली, "हत्ती नाही लिहायचं कोंडूभाऊ. टोप-साठ-एक."

"माझी बायको मला नावानं नाय हाक मारीत," कोंडू म्हणाला, "आन तुमी टोपाला नंबर घालता."

"बायकोला पण घालून देते एक नंबर, सांगा."

"नको गो बाय. ती तिकडनं मलाच स्कॅन करंल."

स्टिकर लावून बघितले, तर तेलकट भांड्यावर एकही टिकेना. सकाळी चिकटवलेले दुपारी जमिनीवर. मग भांड्यांवर नावं घालायचं ते टिर्रर्र करणारं मशीन मुरबाडच्या भांडीवाल्याकडून आणलं आणि कोंडू एकेका टोपावर नंबर घालायला लागला. तो आवाज दाढेतून मेंदूत जायचा. फळ्यांना पत्ते दिले: अ-एक, अ-दोन, ब-एक. श्रद्धांजलीच्या पडद्याला स्वतंत्र कुलपाचं कपाट दिलं. रेखा दुपारी घरून डबा आणायची, सुजाताला आग्रह करकरून अळूवडी वाढायची. काका दारात बसून सुतळीची गुंतवळ सोडवत हे सगळं बघायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "आमच्या टायमाला डोकं हीच सिस्टिम होती." मला वाटायचं, किती छान चाललंय.

चौथ्या दिवशी आम्ही मागच्या भिंतीशी पोचलो. तिथे पत्र्याचा एक आडोसा होता. त्याच्या मागच्या जागेला आम्ही 'पल्याड' म्हणायचो. सुजाता मोबाइलची बॅटरी लावून आत गेली आणि तिथूनच ओरडली, "दादा, इथे पण टोप आहेत! सहा. पराती चार. ताटं तर दोनशेच्या वर असतील. ही यादीत का नाहीत?"

"असू दे ती," मी म्हणालो. "जुना लॉट आहे."

ती एक टोप ओढत उजेडात घेऊन आली. उपडा केला. "जुना कुठे? बुडावर छाप तोच आहे. पुढच्या टोपांबरोबरच घेतलाय." तिने काठावरून बोट फिरवलं आणि एका जागी ते थांबलं. काठाच्या खालच्या अंगाला कानशीने मारलेल्या दोन खाचा होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या, बोटाला लागणाऱ्या. "आणि ह्या कसल्या?"

"ती पल्याडची वळख," कोंडू म्हणाला.

"पल्याडची म्हणजे?"

कोंडू माझ्याकडे बघायला लागला. तीस वर्षांत तो माझ्याकडे असा कधी बघत राहिला नव्हता. माझ्याशी बोलताना तो नेहमी गाडीच्या टायरकडे बघतो.

मी म्हणालो, "वेगळा कोड देऊन टाक ना त्यांना."

ती पिंपाशी जाऊन बसली. कोड दिला. "झालं. आता नियम. ऑर्डर आली, साठ लिटरचे चार टोप पाहिजेत. पुढचे कधी काढायचे आणि पल्याडचे कधी?"

नंबर घालायचं मशीन बंद होतं. पत्र्यावर उन्हाचा कटकट आवाज येत होता. उत्तर दारातून आलं. काकांनी सुतळीवरून मान वर न करता सांगितलं, "वस्ती बघून. त्यात काय विचारायचं? बौद्धवाडी असली, पाडा असला, की पल्याडची. बाकी गावात पुढची. कोंडूला माहीत आहे, छोट्याला माहीत आहे."

आणि मग ते मदत करायला लागले. मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच येते. ती मदत होती. ते एकेका वाडीचं नाव सावकाश, टाइप करायला सोपं जावं म्हणून थांबत थांबत सांगायला लागले. तिसरं नाव सुजाताच्या माहेरचं होतं.

काकांना ते ठाऊक होतं की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

सुजाताने बोटं की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली. माझ्याकडे वळली. "दादा, नियम तुम्ही बोला. तुम्ही बोलाल तसा मी टाइप करते. हा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढे सरकत नाही."

इथे मी काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते, म्हणून चटकन लिहून टाकतो. मी म्हणालो, "ते राहू दे आज. चहा घेऊ."

तिने लॅपटॉप मिटला. "रविवारी येते. तोवर ठरवा. पहिली ऑर्डर माझ्या भावाच्या लग्नाची टाकायची आहे. ती कुठल्या नियमाने निघते ते मला बघायचंय." स्कूटी किन्हवलीच्या रस्त्याला लागली. तिच्यासाठी ओतलेला चहा पिंपावर तसाच होता, वर साय धरत होती. कागदी कपात. ते बघून मला एकदम वाटलं, की आपण हिला चार दिवस कागदी कपात चहा देत होतो? मग आठवलं, गोदामात आम्ही सगळेच कागदी कपात पितो. मी हुश्श केलं. आणि त्या हुश्शचीच मला इतकी घाण वाटली, की मागे जाऊन बेसिनशी उभा राहिलो. काही पडलं नाही. नुसतं आंबट पाणी.

आता खरं सांगायचं तर मला कोणी 'पल्याडची' म्हणजे काय हे कधी शिकवलं नव्हतं. दहावीच्या सुट्टीत मला गाडी भरायला लावलं. पहाटेचा अंधार, गाडीत दिवा नाही. वडील खालून सांगायचे, आज पुढची, आज पल्याडची. मी टोप उचलताना काठाखाली अंगठा फिरवायचो. पुढची असली तर खाच लागली की बाजूला, नाही लागली की वर; पल्याडची असली तर उलट. महिन्याभरात मला विचार करावा लागेनासा झाला. अंगठ्याला जात कळायला लागली. पुढे मी वर्तमानपत्रं वाचली, सभांना मंडप घातले, समतेवरची भाषणं व्यासपीठाच्या मागे उभं राहून ऐकली, टाळ्याही वाजवल्या. सभा संपली की तोच अंगठा घेऊन गाडी भरायला जायचो. 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय माझ्या अंगठ्याने ठेवली नाही.

त्या आठवड्यात वडिलांची तिथी आली. गच्चीवर पान ठेवलं. भात, वरण, गवार, भोपळा, अळूवडी, खीर, वडा. मी पत्र्याच्या सावलीला उभा राहून वाट बघत होतो आणि मनातून इच्छा अशी, की कावळा शिवू नये. तो शिवला नाही म्हणजे वडिलांना काहीतरी लागलंय, त्यांना चैन नाही, असं मला धरून चालता आलं असतं. पण कावळा दुसऱ्याच मिनिटाला आला. वडा उचलला, खीर चाखली, कठड्यावर चोच पुसली आणि आणखी एका नातलगाला घेऊन परत आला. वडिलांना काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

जेवताना मी काकांना म्हणालो, "काका, ती भांडी एक करायची."

"कर की. पण मग फोन आले तर तूच उचल."

"कसले फोन?"

"अरे, लोकं विचारतात. आजपण विचारतात. उघड नाय विचारत कोणी. 'भांडी चांगली पाठवा हां,' एवढंच म्हणतात. तुला काय वाटलं, घासलेली मागतात?" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. दर वेळी मी त्याला 'हो हो, चकाचक पाठवतो' म्हटलंय. "आणि एक ऐक," काका पुढे म्हणाले. "त्या टायमाला बाकीचे मंडपवाले त्या लोकांना दारातूनच परत लावायचे. तुझ्या बापाने दिली. खाचा मारल्या म्हणून देता आली, नायतर कोणाच्याच लग्नात गेली नसती. दोन्हीकडची लग्नं झाली का नाय? कोणाचं काय अडलं?"

रागाने मी आणखी एक वडा घेतला. माझा निषेध हा असा असतो.

रेखा पानावरून उठत नव्हती. ती म्हणाली, "मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, धंद्यातलं बायकांना काय कळतं. मग मी पण हात धुवून मोकळी झाले." मग म्हणाली, "आणि चार दिवस तिला बसवून जेवायला घालत होते. आपल्या ताटात. घरी येऊन मनात म्हणत होते, बघ रेखा, तू कशी मोठ्या मनाची. शी!" तिने ताट बाजूला सारलं. त्या दिवशी आमच्याकडे खीर उरली.

रविवारी सुजाता दहा वाजता आली. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तिने लॅपटॉप उघडायच्या आत म्हणून टाकलं, "एकच कोड. वेगळं काही नाही. दाराच्या जवळ असेल ते भांडं आधी निघेल." तिने मान डोलावली आणि टाइप केलं. चार शब्दांचं काम. चार सेकंद लागले असतील. मी काकांकडे बघितलं. काकांनी खुर्ची उचलून तोंड रस्त्याकडे केलं.

"आईला विचारलं मी," सुजाता स्क्रीनकडे बघत म्हणाली. "तिला माहीत होतं. माझ्या लग्नात टोप उतरवतानाच तिने काठ चाचपला होता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, पोरीच्या लग्नात टोप बघू का पोरगी बघू?"

कोंडू आणि त्याच्या माणसांनी पत्र्याचा आडोसा खोलला. आडोसा निघाला तेव्हा मागून झुरळांचा असा लोंढा आला, की काकांनीही पाय वर घेतले. भांडी पुढे आली. कोंडूने कानस हातात घेऊन विचारलं, "शेठ, खाचा घासून काढू काय?" ते होणार नव्हतं, काठ पातळ झाला असता. "मग सगळ्यांनाच दोन-दोन मारू? कोणाला वळखताच येनार नाय."

"काही मारू नका, काही काढू नका," सुजाता म्हणाली. "नंबर घाला आणि ठेवून द्या."

संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. तिने भावाच्या लग्नाची ऑर्डर टाकली, बटण दाबलं, आणि आमच्या छोट्या प्रिंटरमधून यादी बाहेर आली. साठचे टोप आठ: पाच पुढचे, तीन खाचांचे. सिस्टिमला त्यांतला फरक ठाऊकच नव्हता. सुजाता ती यादी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना. आपण काहीतरी मोठं करावं, तिने आपल्याला चांगलं म्हणावं, अशी एक हाव माझ्या पोटातून वर आली. मी म्हणालो, "सुजाताताई, यादी सोडा. तुमच्या भावाच्या लग्नाला मी सगळी नवी कोरी भांडी घेतो. कोणाच्या हाताला न लागलेली. ती वेगळी काढून ठेवतो, फक्त तुमच्या लग्नासाठी."

कोंडूचं मशीन थांबलं.

"परत वेगळी?" सुजाता म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. पंचवीस माणसांदेखत कोणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. नव्या कोऱ्या भांड्यांना मी मनातल्या मनात खाच मारून मोकळासुद्धा झालो होतो, आणि त्यालाच उपकार म्हणायला निघालो होतो.

"यादीत आहेत तीच पाठवा, दादा. सगळ्यांना जातात तशी." तिने यादी खिळ्याला अडकवली आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली.

ती सिस्टिम अजून उत्तम चालते. परवा कोंडूने मोबाइलवर बघून दीड मिनिटात झारा काढून दिला. श्रद्धांजलीचा पडदा कुलपातून एकदाही बाहेर भटकलेला नाही. दोन-तीन जुनी घरं आता दुसऱ्या मंडपवाल्याकडे जातात. कारण कोणी सांगत नाही, रस्त्यात भेटले की तब्येत विचारतात. आणि 'भांडी चांगली पाठवा हां' हा फोन अजून येतो. यंदाच्या सीझनचा पहिला कालच आला, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखेचा. त्याला जे ऐकवायला पाहिजे ते मी दर वर्षी बांधावर बसून जुळवतो. फोन आला की म्हणतो, "आमची सगळीच भांडी चांगली आहेत." समोरचा 'बरं बरं' म्हणतो. त्याला काय कळलं ते मी विचारत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या अंगात तेवढंच धाडस उरतं, किंवा माझ्या अंगात मुळातच तेवढं होतं.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात सुजाताच्या भावाच्या लग्नाची गाडी भरली, तेव्हा मी स्वतः उभा होतो. यादीतला सहावा टोप पोचे पडलेला, बूड काळं ठिक्कर. मला तो बदलून चांगला द्यायचा होता. शेजारच्या चांगल्या टोपाला हातही घातला होता. कोंडूने मोबाइल दाखवला. "त्यो यादीत नाय शेठ." पोचे पडलेला टोप गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन पंगतीच्या वेळेला सुजाताचा फोन. मागे लाउडस्पीकर, माणसांचा कल्ला. "दादा, ही काय भांडी पाठवायची पद्धत झाली? एका टोपाला बुडाशी भोक आहे! अर्धी आमटी भट्टीत गेली. पाव्हणे ताटावर बसलेत इकडे!"

या धंद्यात एक वाक्य आहे. टोप गळो, खुर्ची मोडो, कनातीतून पाणी येवो, पाटलाचं घर असो की सरपंचाचं, आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवतो. तोंडाला इतकी सवय की विचार करावा लागत नाही. माझ्या तोंडून ते निघालं, "ताई, आमच्याकडून तर नीट गेला होता."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. "निघताना तपासला म्हणून सिस्टिममध्ये टिक कोणी केलीय ते मला इथून दिसतंय. दुसरा टोप पाठवा. आणि पाणी ओतून बघा आधी!"

टिक मी केली होती, न बघता. मी ब-दोनमधून हाताला आला तो टोप उचलला, नळाखाली धरला, गळत नाही ना ते उन्हात उलटा-पालटा करून बघितलं, आणि गाडी किन्हवलीच्या रस्त्याला काढली.